खोली फिंचना द्यायची असेल, तर पुरती द्या

प्रश्न : आमच्याकडे झेब्रा फिंचच्या दोन जोड्या आणि सोसायटी फिंचची एक जोडी आहे. सहाही पक्षी एकाच पिंजऱ्यात राहतात आणि तो पिंजरा त्यांना अपुरा पडतो, असे मला सतत वाटते. मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यामुळे तिची १२ फूट लांब आणि १० फूट रुंद खोली रिकामी आहे. तिथे पक्ष्यांना मोकळे सोडावे, अशी माझी फार इच्छा आहे. मात्र खोलीत तिचा पलंग, पुस्तकांचे कपाट आणि टेबल आहे. सुट्टीत ती आली की तिथेच झोपते आणि माझे पती संध्याकाळी त्या टेबलावर संगणक घेऊन काम करतात. सामान तसेच ठेवून पक्षी सोडले तर चालेल का? सोबतीला दोन बजी, म्हणजे छोटे पोपट, आणावेत, असेही मनात आहे. मोकळे राहू लागल्यावर हे पक्षी हातावर येऊन बसतील का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातली मूळ इच्छा अगदी योग्य आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते. झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, गवताळ प्रदेशातला. वजन जेमतेम १२ ते १५ ग्रॅम असलेला हा पक्षी दाणे आणि पाणी शोधत थव्याने हिंडतो. सोसायटी फिंच पिढ्यानपिढ्या माणसाच्या सहवासातच वाढलेला असला, तरी त्याचे पंख आणि छातीचे स्नायू उडण्यासाठीच घडलेले आहेत. लहान पिंजऱ्यात हे पक्षी एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर उड्या मारतात आणि आपल्याला ते उडत असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात पंखांची चार-सहा फडफड सलग करण्याइतकीही जागा त्यांना मिळत नाही. त्यामुळे पिंजरा अपुरा पडतो ही तुमची शंका खरी आहे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र 'नाही' असे आहे. सामान तसेच ठेवून, माणसांचा वावर चालू ठेवून त्याच खोलीत पक्षी मोकळे सोडू नका. खोली द्यायची असेल तर ती पूर्णपणे पक्ष्यांची करा. तसे करणे शक्य नसेल, तर खोलीच्या एका भागात जमिनीपासून छतापर्यंत जाळी घाला आणि तेवढा भाग पूर्णपणे त्यांना द्या. थोडी माणसांची, थोडी पक्ष्यांची अशी खोली या लहान पक्ष्यांना सर्वांत धोक्याची असते.

त्याचे कारण तुमच्याच सामानात आहे. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये चार बोटांची फट असते. फिंच घाबरून उडाला की त्या फटीत घसरतो. खाली पोहोचल्यावर पंख पसरायला जागा नसल्यामुळे त्याला सरळ वर येता येत नाही. तो तिथे आहे हे कोणाला कळतही नाही, आणि इतक्या लहान शरीराला अन्नाशिवाय फार काळ तग धरता येत नाही. पलंगाच्या चादरीचे, गादीचे सुटलेले धागे त्याच्या नखांत आणि बोटांत गुंततात. चाकांची खुर्ची मागे सरकवताना जमिनीवर दाणे टिपणारा पक्षी दिसत नाही. टेबलावरचा पाण्याचा पेला त्याला बुडण्यासाठी पुरेसा खोल असतो.

याहून मोठा धोका माणसाच्या विभागलेल्या लक्षाचा आहे. तुमचे पती काम करत असताना फोन वाजेल, उकडले म्हणून खिडकी उघडली जाईल, कोणीतरी हाक मारेल आणि दार क्षणभर उघडे राहील. ज्या खोलीत माणूस स्वतःच्या कामासाठी बसतो, तिथे पक्ष्याचा जीव त्या माणसाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहतो. जिथे माणूस केवळ पक्ष्यांचे करण्यासाठी शिरतो, तिथे त्याचे डोळे आपोआप पक्ष्यांवर असतात.

कोणताही निर्णय घेण्याआधी मुलीशी बोला. खोली आज रिकामी असली तरी तिच्या मनात ती तिचीच आहे. तिला न विचारता पलंग हलवला, तर सुट्टीत आल्यावर या पक्ष्यांविषयी तिच्या मनात आपुलकी निर्माण होणे कठीण होईल. तिने मनापासून होकार दिला तर संपूर्ण खोली पक्ष्यांना द्या आणि तिच्या झोपण्याची सोय दुसरीकडे करा. तिची तयारी नसेल, तर १२ फुटांच्या भिंतीला समांतर, भिंतीपासून ४ फूट अंतरावर लाकडी चौकटीत जाळी बसवून घ्या. फिंच उभे वर चढण्यापेक्षा आडवे उडतात, म्हणून त्यांना उंचीपेक्षा लांबी अधिक उपयोगाची असते. १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद पट्टा सहा पक्ष्यांसाठी उत्तम आहे. खिडकी माणसांच्या भागात येईल अशी आखणी करता आली तर आणखी सोयीचे, कारण मग ती केव्हाही निर्धास्त उघडता येते. मात्र दोन्ही भागांतली हवा एकच राहते. त्यामुळे मुलीला किंवा पतींना दम्याचा अथवा ॲलर्जीचा त्रास असेल, तर अशा खोलीत नियमित झोपणे वा तासन्‌तास बसणे योग्य ठरणार नाही.

जाळीची भोके अर्ध्या इंचाहून, म्हणजे साधारण १२ मिलिमीटरहून मोठी नसावीत. त्याहून मोठ्या भोकातून फिंचचे डोके शिरते आणि तिथेच अडकते. जस्ताचा मुलामा दिलेली तारेची जाळी घेतलीत, तर बसवण्याआधी ती व्हिनेगर आणि कडक ब्रशने घासून, स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवा. तिच्यावरची जस्ताची सैल भुकटी पोटात गेल्यास विषबाधा होते. फिंच पोपटांप्रमाणे तारा चावत बसत नाहीत, त्यामुळे त्यांना हा धोका कमी असतो, पण जाळी घासायला अर्धा दिवस पुरतो आणि तो जरूर द्यावा. जाळीच्या कापलेल्या टोकांवर लाकडी पट्टी ठोका. नायलॉनची मऊ जाळी वापरू नका, कारण तिच्यात नखे अडकतात आणि ती उंदीर सहज कुरतडतात.

संपूर्ण खोली दिलीत तर तीन गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्या लागतील. छताचा पंखा काढून टाका. बटण बंद ठेवू, असे म्हणणे पुरेसे नाही, कारण कधीतरी कोणीतरी ते सवयीने दाबतेच, आणि पंख्याची पाती पक्ष्यांची बसण्याची आवडती जागा होतात. खिडक्यांना आतून जाळी बसवा. काच पक्ष्याला दिसत नाही. तिच्यापलीकडचे झाड आणि आकाश दिसते आणि तो पूर्ण वेगाने त्या दिशेने झेपावतो. जाळी आत असली की त्याला अडथळा दिसतो आणि खिडकी उघडली तरी तो बाहेर जात नाही. जाळी बसेपर्यंत काचेवर पडदा किंवा जवळजवळ आखलेल्या रंगीत पट्ट्या असू द्या, आणि खोलीत आरसा असेल तर तोही काढा. तिसरी गोष्ट दाराची. दाराच्या आत साधारण ३ फुटांवर जाळीचे दुसरे दार करा. बाहेरचे दार लागल्याशिवाय आतले उघडायचे नाही, हा नियम घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्यांनासुद्धा, लागू असावा. तेवढी जागा नसेल, तर दाराच्या चौकटीला आतून जमिनीपर्यंत पोहोचणारा जड, एकमेकांवर चढणाऱ्या दोन पल्ल्यांचा पडदा लावा. दाराखालची फट ब्रशच्या पट्टीने बुजवा. खोलीला लागून न्हाणीघर असेल तर त्याचे दार कायम बंद ठेवा, कारण भरलेली बादली हा पक्ष्यासाठी मरणाचा सापळा असतो.

आता हवेविषयी. या विषयाबद्दल मी विस्ताराने लिहिणार आहे, कारण घरात पाळलेले पक्षी अचानक मरण्याची जी कारणे टाळता येतात, त्यांत दूषित हवा अग्रभागी आहे. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते आणि त्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. या रचनेमुळे ते प्रत्येक श्वासातून माणसापेक्षा कितीतरी अधिक प्राणवायू घेतात, आणि त्याच कारणाने हवेतले विषही तितक्याच झपाट्याने शोषतात. अन्न न चिकटणाऱ्या तव्यांवर आणि कढयांवर टेफ्लॉनसारखा जो लेप असतो, तो अतिशय तापला की त्यातून वास नसलेले वायू बाहेर पडतात. स्वयंपाकघरात रिकामा तवा विसरून शेगडीवर राहिला, तर दूरच्या खोलीतले पक्षीसुद्धा काही मिनिटांत दगावू शकतात. काही विजेच्या हीटरवर आणि इस्त्रीवरही असाच लेप असतो. तुमच्या घरात पक्षी आहेत तोवर अशी भांडी बाजूला ठेवून लोखंड, स्टील किंवा बिडाची भांडी वापरा, असे मी आग्रहाने सांगेन. सुगंधी फवारे, सुगंधी मेणबत्त्या, डास मारण्याची कॉइल, झुरळांवरचा फवारा, सिगारेटचा धूर, तीव्र वासाचे फरशी पुसण्याचे द्रव, यांपैकी काहीही त्या खोलीत आणि तिच्या दाराजवळ नको.

भिंतींना रंग द्यायचा असेल तर पुसता येईल असा, कमी वासाचा, पाण्यात मिसळणारा रंग निवडा. त्याचा वास पूर्णपणे गेल्यानंतरही काही आठवडे खोली उघडी ठेवून मगच पक्षी आणा. घर जुने असेल आणि भिंतीवरचे रंगाचे पापुद्रे सुटत असतील, तर त्या रंगात शिसे असू शकते. ते पापुद्रे पक्ष्यांच्या चोचीत जाणार नाहीत, याची व्यवस्था आधी करून घ्या. पडद्यांच्या कडेला वजनासाठी शिवलेले शिशाचे तुकडेही काढून टाका.

प्रकाशाच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. खिडकीतून ऊन येते म्हणजे पक्ष्याला हवे ते सारे मिळाले, असे मानले जाते. शरीरात ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी ज्या अतिनील किरणांची गरज असते, त्यांतले बहुतेक सगळे काच अडवते. ड जीवनसत्त्व नसले की खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही आणि मादी अंडी घालताना अडचणीत येते. जाळी बसवलेली खिडकी उघडून थेट ऊन आत येत असेल तर उत्तमच. येत नसेल, तर पक्ष्यांसाठी मिळणारा अतिनील किरणांचा दिवा बसवा, त्याच्या उत्पादकाने सांगितलेले अंतर पाळा आणि सांगितलेल्या मुदतीत तो बदला, कारण दिवा दिसायला उजळ असला तरी त्याचे अतिनील किरण आधीच क्षीण झालेले असतात. स्वस्त दिव्यांमध्ये जी लुकलुक माणसाला जाणवत नाही, ती पक्ष्यांच्या डोळ्यांना जाणवते आणि त्रास देते, म्हणून न लुकलुकणारे दिवे निवडा. दिवसाकाठी १० ते १२ तास प्रकाश पुरेसा आहे. संध्याकाळी दिवा एकदम मालवू नका. पक्षी हवेत किंवा जमिनीवर असताना अचानक अंधार झाला, तर त्यांना बसण्याची जागा सापडत नाही. अर्ध्या तासात हळूहळू मंद होणारा दिवा लावा किंवा मोठा दिवा बंद करण्याआधी लहान दिवा लावून ठेवा. रात्रभर एक अतिशय मंद दिवा राहू द्या. एखाद्या आवाजाने थवा दचकून उडाला, तर त्याच उजेडात त्याला पुन्हा फांदी सापडते.

खोली सजवताना मधली जागा मोकळी ठेवण्याचा मोह आवरू नका; मोह आवरायचा तो ती भरून टाकण्याचा. बसण्याच्या फांद्या खोलीच्या दोन टोकांना लावा आणि मधली लांबी उडण्यासाठी रिकामी सोडा. साधारण ८ ते १२ मिलिमीटर जाडीच्या, साल असलेल्या, फवारणी न झालेल्या झाडांच्या नैसर्गिक फांद्या सर्वांत चांगल्या. त्यांची जाडी जागोजागी बदलते आणि त्यामुळे पायांच्या तळव्यांवर एकाच ठिकाणी ताण येत नाही. सर्वांत उंच जागेसाठी पक्षी भांडतात, म्हणून तितक्याच उंचीच्या बसण्याच्या जागा पक्ष्यांच्या संख्येहून अधिक ठेवा. दाणे आणि पाणी यांच्या बरोबर वर फांदी नको, अन्यथा विष्ठा त्यात पडेल.

कुंड्या ठेवायच्या असतील, तर स्पायडर प्लांट, बांबू, जास्वंद आणि बोस्टन फर्न चालतात. कण्हेर, अझेलिया, डायफेनबेकिया, लिली आणि मनी प्लांट यांना खोलीत जागा देऊ नका. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांवर कीटकनाशक असू शकते. त्यांची पाने धुवा, वरची माती बदला आणि काही आठवडे ती रोपे दुसरीकडे वाढू द्या. मातीवर मोठे गुळगुळीत गोटे पसरले की पक्षी ओली, बुरशी धरलेली माती उकरत नाहीत.

खाण्यापिण्याचे तुम्ही आज जे करता, त्यात खोलीमुळे फार बदल करावा लागणार नाही. राळा आणि इतर बारीक तृणधान्यांचे मिश्रण, रोज थोडा कोवळा पाला आणि कायम उपलब्ध असलेले कटलबोन, म्हणजे समुद्रफेस, एवढे असू द्या. ॲव्होकाडो, चॉकलेट आणि खारट पदार्थ कधीही देऊ नका. फिंच दाणा सोलून खातात आणि टरफले भांड्यातच टाकतात. त्यामुळे रिकामे भांडे भरलेले दिसते आणि पक्षी उपाशी राहतात. टरफले रोज फुंकून टाका. दाण्यांची निदान दोन भांडी एकमेकांपासून दूर ठेवा, म्हणजे एखादा दांडगा पक्षी इतरांना हुसकावू शकणार नाही. आंघोळीसाठी २ ते ३ सेंटिमीटरहून खोल नसलेले पसरट भांडे सकाळी ठेवा आणि दुपारी उचला.

मोकळ्या खोलीमुळे जी अडचण खरोखर वाढते, ती पिल्लांची आहे, आणि तिचा तुम्ही पत्रात उल्लेख केलेला नाही. रानातला झेब्रा फिंच पाऊस पडून गवताला दाणे धरले की वीण करतो. घरातल्या खोलीत पाणी, कोवळा पाला आणि भरपूर अन्न बारमाही असते, त्यामुळे त्याच्या लेखी तिथे कायमच अनुकूल काळ असतो. मादी एका वेळी साधारण ४ ते ६ अंडी घालते, दोन आठवड्यांच्या आत-बाहेर पिल्ले बाहेर येतात आणि सुमारे तीन आठवड्यांची झाली की ती घरटे सोडतात. लगेच पुढची अंडी सुरू होतात. सतत अंडी घालणारी मादी खंगते, तिच्या हाडांतले कॅल्शियम झिजते आणि अंडे शरीरात अडकून ती दगावू शकते. पुढे खोलीत गर्दी होते, भांडणे होतात आणि भावंडांच्याच जोड्या जमतात.

म्हणून घरटी ठेवू नका, आणि घरट्याला उपयोगी पडतील असे धागे, काथ्या, कापूस यांपैकी काही खोलीत राहू देऊ नका. यात एक पेच आहे, तो नीट लक्षात घ्या. सोसायटी फिंचना रात्री घरट्यात एकमेकांना चिकटून झोपायला फार आवडते, पण त्यांच्यासाठी ठेवलेले घरटे झेब्रा फिंच ताब्यात घेतात आणि त्यात अंडी घालतात. त्यावर माझा उपाय असा, की सोसायटी फिंचसाठी छताजवळ, कडा आणि छप्पर नसलेली एक रुंद सपाट फळी बसवावी. तिच्यावर ते एकत्र दाटीने बसू शकतात आणि झेब्रा फिंचना ती घरट्यासारखी वाटत नाही. एवढे करूनही झेब्रा मादी दाण्याच्या भांड्यात किंवा कुंडीत अंडी घालेल. ती अंडी नुसती उचलून नेलीत, तर ती पुन्हा घालत राहील. प्रत्येक अंड्याच्या जागी त्याच आकाराचे प्लास्टिकचे अंडे ठेवा, तिला कंटाळा येईपर्यंत बसू द्या आणि मग सारे काढा. त्या काळात मोड आलेले दाणे आणि अंड्याचा खुराक थांबवा. समुद्रफेस मात्र थांबवू नका. तुमच्या जोड्या जमलेल्या आहेत आणि झेब्रा फिंच जोडीदाराशी घट्ट बांधलेले असतात, म्हणून नर-मादी वेगळे करण्याचा सल्ला मी देणार नाही. पुढे कधी नवे पक्षी आणलेत, तर एकाच लिंगाचे आणा. मूळ रंगाच्या झेब्रा नराचे गाल नारिंगी असतात आणि मादीचे नसतात. सोसायटी फिंचमध्ये दोघे दिसायला सारखे असतात, पण गातो तो नर.

बजी आणू नका, असे मी स्पष्टपणे सांगते. बजी हा छोटा पोपटच आहे आणि त्याची चोच कुरतडण्यासाठी घडलेली आहे. तो स्वभावाने दुष्ट नसतो, पण जाळीला धरून बसलेल्या फिंचचा नाजूक पाय त्याने केवळ कुतूहलाने चावला तरी तो तुटू शकतो. शिवाय त्याचा आवाज आणि आकार यांमुळे फिंच सतत धास्तावलेले राहतात. कोणताही नवा पक्षी, मग तो फिंच का असेना, आणल्यावर निदान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवावा, त्याची भांडी वेगळी असावीत आणि त्याचे काम सर्वांत शेवटी करावे. श्वसनमार्गात राहणारे सूक्ष्म किडे फिंचमध्ये आढळतात. श्वासासोबत टिकटिक असा आवाज येणे, चोच उघडी ठेवून श्वास घेणे ही त्याची लक्षणे असतात, आणि असा एक पक्षी थव्यात आला की सगळ्यांनाच औषध द्यावे लागते. घरात मांजर असेल तर ते त्या खोलीच्या दारापर्यंतही पोहोचता कामा नये. मांजराच्या दाताचा वा नखाचा लहानसा ओरखडासुद्धा तातडीने पशुवैद्याकडे नेण्याइतका गंभीर असतो.

स्वच्छतेसाठी जमिनीवर पुसता येईल असे व्हिनाइलचे आच्छादन अंथरा आणि फांद्यांखाली रोज बदलता येईल असा साधा कागद घाला. कोरडी झाडलोट करू नका. वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ हवेत उडून फुप्फुसांत जाते आणि वर्षानुवर्षांच्या अशा संपर्कातून काही माणसांना फुप्फुसांचा चिवट आजार जडतो. आधी पाण्याचा हलका फवारा मारा, मग ओल्या फडक्याने पुसा आणि त्या वेळी तोंडावर मास्क असू द्या. पक्ष्यांचे करू लागल्यापासून कोरडा खोकला किंवा धाप सुरू झाली, तर डॉक्टरांना पक्ष्यांविषयी आवर्जून सांगा. सांडलेल्या दाण्यांमुळे उंदीर येतात. दाणे रात्री झाकून ठेवा आणि उंदरांचे विष खोलीत कधीही ठेवू नका.

पिंजऱ्यात आजारी पक्षी लगेच डोळ्यांत भरतो, पण खोलीत तो कुंडीच्या मागे बसून राहिला तर दोन दिवस कळत नाही, आणि दोन दिवस फिंचला फार होतात. शिवाय लहान पक्षी आजार शक्य तितका लपवतात. म्हणून सकाळी दाणे ठेवल्यावर आणि संध्याकाळी पक्षी विसावल्यावर सहाही पक्षी मोजा. दाण्यांची भांडी तुम्हाला एका जागी बसून दिसतील अशी ठेवा आणि सकाळी पहिली दहा मिनिटे प्रत्येक पक्षी येऊन खातो की नाही ते पाहा. पिसे फुलवून बसलेला, श्वासागणिक शेपटी हलवणारा, जमिनीवर खिळलेला किंवा थव्यापासून वेगळा राहणारा पक्षी आजारी समजा आणि त्याच दिवशी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना दाखवा. असे पशुवैद्य कोण आणि कुठे आहेत, याची चौकशी खोली तयार होण्याआधीच करून ठेवा.

हातावर बसण्याच्या प्रश्नाचे उत्तर ऐकून तुम्ही थोड्या नाराज व्हाल. फार लहानपणापासून माणसाने हाताने भरवून वाढवलेला एखादा अपवाद सोडला, तर फिंच हातावर येत नाहीत. त्यांना सोबत हवी असते ती आपल्यासारख्याच फिंचची. मात्र रोज एकाच वेळी, सावकाश हालचाली करत तुम्ही त्या खोलीत गेलात आणि एका कोपऱ्यात शांत बसलात, तर काही आठवड्यांत ते तुमच्याकडे दुर्लक्ष करू लागतील. नराचे गाणे, जोडीने एकमेकांची पिसे विंचरणे, आंघोळीसाठी लागणारी रांग, हे सारे ते तुमच्यासमोर निर्धास्तपणे करतील. मला तरी या पक्ष्यांच्या बाबतीत हीच खरी जवळीक वाटते.

शेवटी खोलीत सोडण्याच्या दिवसाविषयी. तयार खोलीत आधी पिंजरा बंदच ठेवा आणि आठवडाभर पक्ष्यांना तिथला प्रकाश, आवाज आणि खिडकी यांची ओळख होऊ द्या. मग घरी कोणालाही घाई नसेल अशा दिवशी सकाळी पिंजऱ्याचे दार उघडा आणि तुम्ही बाजूला बसा. त्यांना हाताने बाहेर काढू नका. लहान पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्यांचे स्नायू दुबळे झालेले असतात. ते पहिले काही दिवस दमून जमिनीवर उतरतील, म्हणून जमिनीपासून फूटभर उंचीवर आणि तिथून वर चढत जाणाऱ्या पायरी-पायरीच्या फांद्या तात्पुरत्या लावून ठेवा.

जुना पिंजरा खोलीतून काढू नका. तो दार उघडे ठेवून तिथेच असू द्या आणि त्यांच्या आवडीचा खाऊ नेहमी त्यातच ठेवा. रोज रात्री त्यांना पिंजऱ्यात कोंडण्याची गरज नाही, आणि त्यासाठी पाठलाग करणे तर अघोरी आहे, कारण धावपळीच्या धसक्याने फिंच हातातच मरू शकतो. पण औषधोपचाराची किंवा खोलीच्या दुरुस्तीची वेळ आली, की खाऊसाठी आत गेलेल्या पक्ष्यांमागे लांब दोरीने दार ओढून घेता येते. एकटाच पक्षी पकडायचा असेल, तर तो कुठे बसला आहे ते पाहून दिवा मालवा आणि मंद टॉर्चच्या उजेडात, कडेला मऊ कापड शिवलेल्या हातजाळ्याने त्याला अलगद उचला. सुरुवातीला दाणे आणि पाणी पिंजऱ्यात व बाहेर अशा दोन्ही ठिकाणी ठेवा. एखादा पक्षी चार-पाच दिवस बाहेरच आला नाही, तरी त्याला हुसकावू नका. बाकीचे पाच जण उडताना आणि बाहेरच्या भांड्यातले दाणे खाताना दिसले की तोही आपल्या गतीने बाहेर येईल, आणि तोवर त्याचे पिंजऱ्यातले दाणे-पाणी रोज बदलत राहा.